कुत्र्यांची बालवाडी

वत्सला केदारीला कुत्री आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याविषयी नुसतं ऐकलेल्या माणसांना ती कुत्र्यांच्या गळ्यात पडणारी कुणीतरी हळवी बाई वाटते. कुत्र्याने अंगावर उडी मारली की ती साडी झटकायची आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. "मला शिस्त आवडते," म्हणायची. "पोरं काय आणि कुत्री काय, मला सारखीच." आणि अशा बाईच्या अंगणात हुबळी-धारवाडातली वाया गेलेली कुत्री दिवसभर गोणपाटावर गुमान बसलेली असायची. कुणी चावरं, कुणी भित्रं, कुणी एकटं पडलं की सोफा फाडणारं. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. हे सगळं मी रोज बघत होते आणि रोज थक्क होत होते.

मूळची ती बालवाडीची बाई. हुबळीत तिची बालवाडी चांगली नावाजलेली होती. मग नव्वद सालानंतर गल्लोगल्ली इंग्रजी नर्सऱ्या निघाल्या, आयांना 'ये रे ये रे' ऐवजी एबीसीडी हवी झाली आणि बालवाडी बंद पडली. वत्सला हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरच्या घरात येऊन बसली. लग्न केलेलं नव्हतं, घर स्वतःचं, वेळच वेळ. मला वाटलं, आता ही शिकवण्या घेईल. एके दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना भिंतीपलीकडून एक कुत्रं केकाटायला लागलं, त्याला दुसऱ्याने साथ दिली, तिसऱ्याने सूर धरला, आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

झालं होतं असं, की तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी पॉमेरियन होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, कुत्रं दिवसभर कोंडलेलं, रडून रडून स्वतःचाच पंजा चावून सोललेला. वत्सला म्हणाली, आणून सोडा माझ्याकडे, रडणारी पोरं गप्प करण्यात माझा जन्म गेला. ते गप्प झालं. त्याचं ऐकून दुसरं आलं, मग तिसरं. मी हे सहन करणार नव्हते. पदर खोचून भांडायलाच गेले. फाटक उघडून तोंड उघडणार, तोच वत्सलाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला राधाक्का, झोपायची वेळ आहे आता." बघते तर खरंच सगळी झोपलेली. आपापल्या गोणपाटावर, दोरीवर टाकलेल्या जुन्या साड्यांच्या आडोशाने. एक तर चक्क घोरत होतं. मी माझं भांडण गुंडाळून तसंच घरी परत आणलं.

तिची पद्धत बालवाडीचीच होती, विद्यार्थी तेवढे बदलले होते. सकाळी मालकाने कुत्रं फाटकात द्यायचं आणि मागे न बघता जायचं. आया दारात रेंगाळतात म्हणून पोरं रडतात, असं तिचं ठाम मत, आणि कुत्र्यांच्या बाबतीतही ते खरं निघालं. प्रत्येकाची जागा ठरलेली, भाकरी-दुधाची वेळ ठरलेली, एकेकाला फिरवून आणायची वेळ ठरलेली. ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नाही त्यांच्यामध्ये साडीचा पडदा. तो पडदा ती रोज थोडा थोडा खाली घ्यायची. आज कान दिसले, उद्या डोळे, परवा अख्खं तोंड. ज्या दिवशी पडदा निघायचा त्या दिवशी दोघांना पडदा होता हेही आठवत नसे. मारणं नाही, ओरडणं नाही. भुंकणारा भ्यालेला असतो, त्याला आणखी कशाला भेववायचं, असं म्हणायची. ओरडायची ती मालकांवर. मोठमोठ्या साहेबांना ती फाटकात उभं करून असं झापायची, की मीच भिंतीआड अवघडून जाई. आपली चूक कधी कबूल करायची नाही आणि दुसऱ्याची कधी सोडायची नाही, असा एकूण खाक्या. तिला कुणाचं काही कळलं नाही असं व्हायचंच नाही. निदान तिची स्वतःची तशी खात्री होती, आणि माझीही.

भैरू आला तो दोन हजार तीन-चारच्या सुमाराला. हुबळीहून मंजुनाथ नावाचा एक तरुण त्याला मालवाहू रिक्षातून घेऊन आला. काळा, अल्सेशियन वळणाचा कुत्रा, तोंडाला बैलाला बांधतात तसं मुसकं, शेपूट पोटाखाली. मंजुनाथ मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. वडील धोंडिबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आई सोनाबाई घरची कारभारीण. त्या घरात सोनाबाईंचा शब्द शेवटचा, हे मंजुनाथच्या बोलण्यावरूनच कळत होतं.

मंजुनाथचं लग्न जमत होतं. मुलगी जयलक्ष्मी, अळणावरची. धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात नोकरीला होती आणि धारवाडात मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. समाज एकच, पण तिच्या घरी कानडी आणि यांच्या घरी मराठी. आमच्याकडे त्यात नवल काही नाही. मध्यस्थी करणाऱ्या बाबाजींनी "त्यांच्या घरात कन्नड आहे बरं का" एवढं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून ती काकांबरोबर घर बघायला आली तेव्हा झाडून सगळ्यांनी अदबीने कानडीतच स्वागत केलं. या, बसा, पाणी घ्या, सगळं कानडीत. तेवढ्यात मागच्या दाराची कडी निघाली, भैरू आतून धावत आला आणि तिच्या हाताला कडकडून चावला.

पुढचं मंजुनाथने मान खाली घालून सांगितलं. भैरूने यापूर्वी गॅसवाल्याला चावलं होतं, पोस्टमनचा पायजमा फाडला होता. आता सोनाबाईंनी निर्णय दिला होता, सून घरात यायची तर कुत्रं नको. आणि असलं चावरं कुत्रं घेणार कोण? डॉक्टरला बोलावून सुई देऊन टाकायची. भैरू मंजुनाथने पिल्लू असताना खिशातून घरी आणलेला. पण आईपुढे तो काय बोलणार? बोलली ती जयलक्ष्मी. हाताला पट्टी, डोळ्यांत पाणी, आणि कानडीत म्हणाली, मारू नका त्याला, त्याला शिकवू या, हवं तर मीही येते शिकवायला. सोनाबाईंचं मन विरघळलं. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, मुदत मिळाली. तोवर कुत्रं माणसात आलं तर ठीक, नाहीतर सुई, आणि साखरपुडा त्यानंतरच. चावलेल्या कुत्र्यासाठी मुलगी रदबदली करते हे ऐकून मी तर अवाक झाले. काय गुणाची पोर, असं आम्ही दोघींनी एकमेकींना कितीदा सांगितलं असेल.

भैरू वत्सलाकडे राहिला आणि आम्ही बुचकळ्यात पडलो. चावणं तर सोडाच, तो गोगलगाय होता. वत्सला त्याच्याशी मराठीत बोलायची, तो शेपूट हलवायचा. मी भिंतीवरून हाक मारली की तो कान टवकारून बघायचा. मला वाटलं, लोकांनी उगाच बदनाम केलंय. मग एका दुपारी वत्सलाने पडद्यापलीकडच्या एका कानडी घरातल्या कुत्र्याला हाक मारली, "बा इल्ली", म्हणजे इकडे ये. भैरू दोर ताणून असा उसळला की खुंटी हलली. दात बाहेर, अंगाला कापरं, आणि खाली ओलं केलेलं. वत्सला जागची हलली नाही. थोड्या वेळाने तिने हळूच मराठीत काहीतरी म्हटलं. तो निवला. मग कानडीत तेच म्हटलं. पुन्हा उसळला.

दुसऱ्या दिवशी ती मलाही सोबत घेऊन हुबळीला मंजुनाथच्या घरी गेली आणि नुसती बसून राहिली. भैरूला बरोबर नेलं होतं. घरातली सगळी त्याच्याशी किती लाडाने बोलत होती! बाळा काय, राजा काय, धोंडिबा तर त्याला स्वतःच्या ताटातला घास देत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. सोनाबाई आतूनच कानडीत ओरडल्या, "यारू?", म्हणजे कोण आहे, आणि ओरडता ओरडता भैरूचा पट्टा धरून त्याला फरफटत मोरीत ढकललं, वरून एक रट्टा घातला आणि दार लावून घेतलं. मग बाहेर येऊन दूधवाल्याशी कानडीत छान हसून बोलल्या. त्यांनी हे इतक्या सवयीने केलं, की आपण काही केलं याची त्यांना जाणीवही नव्हती.

परत येताना रिक्षात वत्सला म्हणाली, पिल्लू असल्यापासून हेच चाललंय. त्या घरातली माया सगळी मराठीत, आणि फरफट तेवढी कानडीत. कुत्र्याने काय समजायचं? कानडी शब्द कानावर पडला की आता आपल्याला कोंडणार, एवढंच त्याला ठाऊक. सगळं घर कानडी शिकलेलं, कानडीवर पोट भरणारं, कुणाशी वाकडं नाही. पण दारात आलेल्याची भाषा आणि घरातली भाषा यांच्यामध्ये त्यांनी जी भिंत घातली होती, ती त्या मुक्या जनावराने बरोबर हेरली होती. वत्सलाने सोनाबाईंना झापलं का, म्हणाल, तर झापलं. सोनाबाई म्हणाल्या, जगरहाटी आहे बाई ही, बाहेरचं माणूस आलं की कुत्रं आत घालतात.

मग शिकवणी सुरू झाली. दर रविवारी जयलक्ष्मी धारवाडहून बसने यायची. वत्सला तिला पडद्याच्या एका बाजूला पाटावर बसवायची आणि दुसऱ्या बाजूला भैरू. तिने हळू आवाजात कानडी बोलत राहायचं. काहीही. काय जेवली, कारखान्याची गाडी कुठे बंद पडली, हॉस्टेलात कोण भांडलं. ती बोलत असेपर्यंत भैरूपुढे सुकटीचे तुकडे पडत राहायचे, ती थांबली की तुकडेही थांबायचे. पहिल्या रविवारी त्याने तोंडही लावलं नाही. हळूहळू खायला लागला. मग पडदा खाली यायला लागला. वत्सला तिला विद्यार्थिनीसारखी हुकूम सोडायची, डोळ्यांत बघू नको, हात पुढे करू नको, आता थोडी सरक. सगळं कानडीत. ती "हूं री टीचर" म्हणून ऐकायची. मीही चहा घेऊन जायची तेव्हा माझ्या तोडक्यामोडक्या व्याकरणाच्या कानडीत तिची विचारपूस करायची. ती हसून उत्तर द्यायची. भैरू घाबरून मागे सरला की म्हणायची, "हेदरब्याड तम्मा". घाबरू नको रे भावा.

अधूनमधून सोनाबाई प्रगती बघायला येत. माझ्या कट्ट्यावर बसून भरपूर बोलत, आणि जयलक्ष्मी समोर असली तरी तिच्याविषयीच बोलत. मराठीत, मोठ्याने. उंची जरा कमीच आहे. केस बरे आहेत. नोकरी सोडायला लावली की घरात रुळेल. मला ते ऐकवत नसे. मी जयलक्ष्मीकडे बघायची. ती भैरूशी बोलत असायची, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला हायसं वाटायचं. तिला कळत नाही ते बरं, असं वाटायचं.

उगादीच्या आधीच्या रविवारी परीक्षा ठेवली. सोनाबाई, धोंडिबा आणि मंजुनाथ तिघंही आले. मुसकं नाही, पडदा नाही, दोर सैल. जयलक्ष्मीने बाहेरून फाटक वाजवायचं, कानडीत बोलत आत यायचं आणि भैरूच्या शेजारी जाऊन बसायचं. तो गुरगुरला तरी नापास. मंजुनाथचा चेहरा पांढरा पडला होता. त्या क्षणी माझ्या मनात लग्नबिग्न काही नव्हतं. समोर बसलेलं ते काळं जनावर पुढच्या आठवड्यात जिवंत असेल की नाही, एवढंच होतं.

फाटक वाजलं. सोनाबाईंच्या तोंडून सवयीने निघालंच, "यारू?" भैरूचे कान उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जयलक्ष्मी बोलत बोलत आत येत होती आणि भैरूची शेपूट जमिनीवर आपटत होती. ती शेजारी बसली. त्याने तिचा हात हुंगला, जिथे चावला होता तिथेच, आणि मान तिच्या मांडीवर टाकली. धोंडिबांनी डोळे पुसले. वत्सलाने फक्त "पास" म्हटलं. मंजुनाथ तर उघड रडत होता.

सोनाबाई खूश होऊन नवऱ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, सुटलो एकदाचे, आता साखरपुड्याचं बोलून घ्या. आणि तिच्या नोकरीचा विषय आत्ता मुळीच काढू नका, आत्ता सगळ्याला हो म्हणा, एकदा घरात आली की मी बघते.

जयलक्ष्मीचा हात भैरूच्या डोक्यावर होता. ती त्याच्याकडेच बघत म्हणाली, "मावशी, हे मी पहिल्या दिवशीच ऐकलंय. तुम्ही माझ्या हाताला हळद लावत होता की, तेव्हाच."

स्वच्छ मराठी. आमच्यासारखीच, आमच्याहून बरी.

किती रविवार, काय काय ऐकलं असेल या पोरीने! सोनाबाईंनी कसंबसं विचारलं, "तुला मराठी येतंय होय?"

"अळणावरची की मी. आमचा शेजार सगळा मराठीच. तुम्ही कुणी विचारलं नाही."

धोंडिबा पुटपुटले, मग पोरी, सांगायचं नाहीस का. ती म्हणाली, ऐकल्यावर सांगावंसं वाटलं नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. तेच जास्त लागत होतं.

मंजुनाथने विचारलं, मग तू दर रविवारी का येत राहिलीस? तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझं 'नाही' तेव्हाच ठरलं होतं. पण त्या दिवशी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, कुत्रं चावलं म्हणून स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी याला मारलं असतं तुम्ही. आता तो कुणाला चावत नाही. आता मी नाही म्हणते."

मी आजवर बरंच काही पाहिलंय, पण त्या अंगणात मला जो धक्का बसला तसा पुन्हा बसला नाही. ज्याला वाचवायला ती आली होती त्याने तिचंच रक्त काढलं होतं, आणि आम्ही समजत होतो की ती सासर मिळवायला येते. सोनाबाईंनी, दोष द्यायला कुणीतरी हवं म्हणून असेल, भैरूकडे पाहिलं. तो आपला शांत बसला होता.

जयलक्ष्मीने दोर मंजुनाथच्या हातात दिला. घरी न्या, म्हणाली, आता त्याला मोरीत घालू नका. मग नळावर हात धुतले, पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर रस्त्याला लागली. मंजुनाथला काही बोलायचं होतं, पण तो आईकडे बघत राहिला आणि तेवढ्यात ती पलीकडे पोचलीही.

वत्सला तिच्या मागे धावली. हो, धावली. मी तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं. मीही मागोमाग गेले. जयलक्ष्मी बसथांब्यावर उभी होती. वत्सलाने तिच्यासमोर जाऊन तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एका कुत्र्याच्या कानात काय शिरलंय हे एका दुपारी ओळखणारी ही बाई, आणि ही मुलगी इतके रविवार तिच्या पाटावर बसून उठली होती. तिच्याशी आता कोणत्या भाषेत बोलावं, हेच वत्सलाला कळेना. कानडीत बोलावं तर ती परकी ठरायची, मराठीत बोलावं तर आजवर का नाही हा प्रश्न यायचा. तिने एकदा तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. हुबळीकडून बस आली. जयलक्ष्मी चढली, आणि वत्सला रस्त्याच्या कडेला एक शब्दही न बोलता उभी राहिली.